सुलूचं 'गेट रेडी?'

सुलूला जाऊन दोन महिने होत आले, तरी माझ्या डोक्यात अजून हॉस्पिटलातली ती सकाळच फिरते आहे. परळच्या हॉस्पिटलात तिच्या पोटातली गाठ काढायची होती. मी तिच्या पायाशी बसले होते, तिचे मिस्टर, विलासभावोजी, खिडकीशी उभे होते. सिस्टर हिरवा गाऊन घेऊन आल्या आणि लाडानं म्हणाल्या, "चला मावशी, गेट रेडी!" सुलू म्हणाली, "नाही." सिस्टर हसल्या, भावोजीही हसले. घाबरलीय, म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही. हा 'नाही' माझ्या ओळखीचा होता.

का, ते सांगायचं तर आमच्या गोविंदा पथकापासून सुरुवात करायला हवी. सुलू आणि मी नायगावच्या एकाच चाळीतल्या. ती विमा कंपनीत, मी बँकेत. दोघींची तिशी उलटल्यावर हिच्या डोक्यात खूळ शिरलं, की बायकांचं पथक काढायचं. "आधी साड्या आवरा, मग थर लावा," म्हणून गल्लीतले पुरुष खो खो हसले. सुलूनं त्यांना अशा काही शिव्या हासडल्या की त्यातलेच दोघे पुढे आम्हाला शिकवायला आले. ती उभी राहायची सगळ्यात खाली, बेसला. बेसच्या बाईला वरचं काही दिसत नाही. मान वर केली की खांदा हलतो आणि अख्खा थर कोसळतो. म्हणून ती खाली मान घालूनच ओरडायची, "गेट रेडी?" पुरुषांच्या पथकांत हा हुकूम असतो, शाळेच्या पीटीत असायचा तसा. सुलूचा मात्र प्रश्न असायचा. एकेका थरावरून "रेडी" आलं की मगच पुढची पोरगी चढायची.

पहिल्याच वर्षी दुसऱ्या थरावरची एक मुलगी थरथरत होती आणि तरी "रेडी" म्हणाली. सगळ्या खाली आल्या, सुलूचं खांद्याचं हाड मोडलं. ती मुलगी रडत म्हणाली, नाही म्हटलं असतं तर सगळ्यांनी 'का? का?' करून खाल्लं असतं मला. हात गळ्यात बांधलेल्या सुलूनं मैदानातच सगळ्यांना गोळा केलं. चिडली की ती थेट मालवणात पोचायची. "ह्याच्या फुडे जिका नको, तिना सरळ 'नाय' म्हणूचा. थर उतरूचो. आणि कित्याक, ता कोणी इचारूचा नाय!" नको असेल तिनं 'नाही' म्हणायचं आणि का, ते कोणी विचारायचं नाही, आमच्या पथकाचा हा एकच नियम. बाकी शिस्तीच्या नावानं सगळा आनंदच होता.

हळूहळू ते 'गेट रेडी?' तिच्या तोंडात इतकं बसलं की बांगड्याचं तिखलं वाढतानाही ती आधी विचारायची. आम्ही तिची टर उडवायचो. पण माझी आई गावाकडे वारली तेव्हा फोन सुलूच्या घरी आला होता. ती माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शुभा, गेट रेडी?" तिचा चेहरा बघूनच मला कळलं... मी म्हटलं, "नाही." ती आत आली, चहा टाकला, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली. चहा निवला. बऱ्याच वेळानं मीच म्हटलं, "हं, सांग." मग तिनं सांगितलं. आईच्या बातमीआधी तेवढा वेळ मला मिळाला, तो सुलूनं दिला. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

आणि दादरची ती हंडी. चार थर उभे होते, पाचवा चढायचा होता. स्टेजवरचा माणूस माइकमध्ये "और एक, और एक" म्हणून बोंबलत होता, मागे पुरुषांचं पथक घाई करत होतं. मी सुलूच्या दंडात दंड अडकवून उभी होते. तिचा घाम माझ्या मानेवर टपकत होता. तिनं विचारलं, "गेट रेडी?" दुसरा थर रेडी, तिसरा रेडी... आणि चौथ्यावरून बारीकसा आवाज आला, "नाही." हंडी हाताच्या अंतरावर होती हो! माझ्याच तोंडात शिवी आली. सुलू म्हणाली, "उतरा." लोकांनी हुर्यो उडवली. परत येताना टेम्पोत त्या मुलीला कोणी काही विचारलं नाही. सुलूनं तिला अर्धा वडापाव दिला, बस्स.

तर हॉस्पिटलात डॉक्टर आले. भला माणूस, त्यांनी नीट समजावलं, की काढली तर आशा आहे, नाही काढली तर फार दिवस नाहीत. सुलू म्हणाली, "कळलं डॉक्टर. पण नाही." भावोजींचा आवाज फुटला. "शुभाताई, तुम्ही सांगा ना हिला. तुमचं ऐकते ती." सुलू माझ्याकडे बघत होती, एकटक. माझ्या ओठांवर 'का गं?' आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "भावोजी, उतरू द्या तिला." तिनं डोळे मिटले. तिला सुटल्यासारखं वाटलं की एकटं पडल्यासारखं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

पुढचे महिने ती घरीच होती. मी रोज जायची. आम्ही सीरियलवर बोललो, चाळ पाडून होणाऱ्या टॉवरवर बोललो, तिथे मासे वाळवायचे कुठे यावर भांडलोसुद्धा. तो एक प्रश्न सोडून सगळं बोललो. कधी कधी बोलता बोलता ती थांबायची, माझ्याकडे बघायची... आणि मी उठून तिच्या औषधाचं बघायची.

परवा भावोजींकडे गेले. ते म्हणाले, "शुभाताई, आता तरी सांगा. तिनं का नको म्हटलं?"

"मला नाही माहीत, भावोजी."

ते बघतच राहिले. "तुम्हाला तिनं सांगितलंय म्हणून तुम्ही गप्प आहात, असं मी धरून चाललो होतो. त्या धीरावर मीही गप्प बसलो." मग, रागानं नाही, अगदी हळू त्यांनी विचारलं, "तुम्ही का नाही विचारलंत तिला?"

इतक्या वर्षांत आमच्यात कोणी कोणाला 'का' म्हणून विचारलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण मला भडाभडा रडू आलं आणि मी बोलत सुटले. दादरची हंडी, आई, तो चहा, तिची ती नजर, सगळं. भावोजी ऐकत होते. सांगून झालं तेव्हा किती हलकं वाटलं, काय सांगू... आणि तेव्हापासून मला झोप नाही. सुलूलाही असंच हलकं वाटलं असतं का?