फटफटीपुढं पळणारा माणूस

"पळ की रं, थांबलास कशाला?" मालकाचा धाकटा पोरगा माझ्या बापाला म्हणाला. त्याच्या बुडाखाली कोरी फटफटी. माझ्या बापाच्या पायात वहाणसुद्धा नाही.

काटेवाडीहून इंदापूरकडं जाताना कालव्याच्या कडेला आमचं गाव. आम्ही महार. वेसकीचं काम आमच्या घराकडं. मालक घोड्यावर बसून निघाला की वेसकरानं पुढं पळायचं, बाजूला व्हा, मालक आले, असं ओरडत. जसा काही एवढा मोठा घोडा लोकांना दिसतच नव्हता.

मग धाकट्याला फटफटीची हौस आली. पुण्याचा एक एजंट लॉरीत घालून दोन फटफट्या घेऊन आला. एक थोरली, एक हलकी. दोन्ही चालवून बघा, पसंत पडेल ती ठेवा, म्हणाला. धाकट्याला धड सायकल येत नव्हती. नव्या माणसानं हलकी घ्यावी, पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असं एजंटानं सांगितलं. ते धाकट्याला झोंबलं. हलकी तलाठ्यानं घ्यावी, म्हणाला आणि थोरलीवर चढला. चढला आणि माझ्या बापाला हाक मारली. घोडा नसला म्हणून काय झालं? रीत ती रीत.

बाप पळाला. चावडीपासून कालव्याच्या पुलापर्यंत. थोरली माणसाच्या पावलानं चालेना. सावकाश घेतली की बंद पडायची. जोरात घेतली की चाक बापाच्या टाचेला लागायचं. एजंटानं तोंड फिरवून हसून घेतलं. शेवटी थोरली नापास झाली. हलकी काढली, बापाला परत पळवलं. ती त्याच्या मागं गुरगुरत नीट आली. धाकटा खूश. हीच ठेवा, म्हणाला. लोक फटफटी वेगासाठी घेतात. ह्या दिवट्यानं माझ्या बापाच्या पावलाच्या मापानं घेतली.

घेतली तरी हौस फिटेना. आणखी दोन फेऱ्या झाल्या. बाप पुलावर बसला तो उठेना. तोंडाला फेस. मी अकरा वर्षांची, चौथीत. शाळेतून येत होते. बापाजवळ गेले. धाकट्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हातारं संपलं. उद्यापास्नं ही पोरगी पळंल. शाळा शिकून काय मामलेदारीण व्हायचीया?"

चावडीवरून मागं आलेली माणसं हसली. आणि माझा बाप, धाप लागलेला, हात जोडून म्हणाला, "व्हय जी. धाडतो." धाकट्याच्या बोलण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

मी म्हणाले, "फटफटीला भोंगा हाय. त्यो वाजवा."

हसणं थांबलं. एवढी अक्कल धाकट्याला स्वतःला कधी सुचली नसती. मग तोंडाला येईल ते बोलला. बलुतं बंद, खळ्यावर दिसलात तर तंगडी मोडीन, म्हणाला.

घरी बापानं मला बडवलं. सकाळी मुंडासं बांधून माफी मागायला निघाला. पोरगी पळंल, असं सांगणार होता. मी उंबऱ्यात आडवी पडले.

"बा, मला वलांडून जा. पर मी पळणार न्हाय. आन तूबी न्हाय."

आईनं चूल सोडली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मग बापानं मुंडासं सोडलं.

आठ दिवसांत गाव सोडलं. इंदापूरच्या रस्त्यावर तिघांनी खडी फोडली. चौथी मी तिथल्या शाळेत पुरी केली, पुढं शाळा नाही. उपास पुष्कळ काढले.

आता लोक म्हणतात, आजी, त्या काळी रीतच तशी होती, राग सोडा. का सोडू? रीत मालकाची होती, पाय माझ्या बापाचे होते. घरातल्या पोरापोरींना मी सांगून ठेवलंय. खडी फोडा, शेण काढा, उपाशी राहा. पण कुणी मागून हाकलतोय म्हणून पळायचं नाही. जो पळेल त्यानं माझ्या मढ्याला खांदा द्यायला येऊ नये.