हैबती वस्तादांचं अच्छेर दूध

हैबती वस्ताद दूध वाटताना कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. मेहनत संपली की आम्ही चौदा-पंधरा पोरं घाम पुसत ओळीने बसायचो आणि वस्ताद अच्छेराचं, म्हणजे अर्ध्या शेराचं, पितळी माप काठोकाठ भरून एकेकाच्या लोट्यात रितं करत पुढे सरकायचे. वकिलाचा मुलगा असो, अत्ताराचा असो की मोळीविक्याचा, थेंब इकडचा तिकडे होत नसे. दोन म्हशी त्यांच्या स्वतःच्या. बायको-पोरं नव्हती, होतं नव्हतं ते आमच्या घशात जायचं. "माप एक, माती एक, मानूस एक," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पहिल्या जर्मन लढाईत ते हवालदार होते. पलटणीत सगळ्यांना एकच रेशन, तेव्हा छातीही सगळ्यांची सारखीच भरली पाहिजे, अशी त्यांची समजूत.

साताऱ्यातल्या त्या तालमीत मी चौदाव्या वर्षी गेलो, तेव्हा दुसरी लढाई चालू होती आणि मी काडीसारखा होतो. तीन वर्षं जोर-बैठका काढून काडीची काठीसुद्धा झाली नाही. वस्तादांना हा मी मुद्दाम केलेला अपमान वाटे. वडील कचेरीत कारकून, म्हणून मला ते 'कारकुना' म्हणत. "कारकुना, तुला घातलेलं दूध जातं कुटं रं? फायलीत लावून ठिवतोस का काय?"

एकदा ते थेट आमच्या घरी आले. माझं जेवण होईपर्यंत ओसरीवर बसून त्यांनी माझ्या पोळ्या मोजल्या. सातव्या पोळीला आईला म्हणाले, "आवं वैनी, खातंय तर रेड्यावानी. मग चोरी कुटं हुतीया?"

आई म्हणाली, "अहो, याचे वडील असेच, आजोबाही असेच होते. आमच्याकडे कुणाच्या अंगाला लागतच नाही."

"पलटनीत असली सबब चालत न्हाई," वस्ताद म्हणाले आणि चपला घालून निघाले.

चोरी होत होती, पण उलटी. माझा रोजच्या कुस्तीचा जोडीदार महादू तेल्याचा. त्याला दूध सोसत नसे. पोटात गेलं की तासाभरात गुडगुड सुरू, आणि पठ्ठ्या टमरेल घेऊन माळाकडे. पण वस्तादांचं माप नाकारायची सोय नव्हती. एकाने नाकारलं होतं, तर त्याला लंगोटासकट बाहेर काढला होता. दूध वाटून झालं की वस्ताद मारुतीकडे तोंड करून डोळे मिटत. तेवढ्यात मी माझा लोटा संपवून महादूचाही संपवायचो. तेल्याच्या लोट्याला मी तोंड लावतो हे आईला कळलं असतं तर तिने मला अंघोळ घातली असती. तर असा तीन वर्षं मी रोज शेरभर दूध प्यालो आणि होतो तसाच राहिलो. महादू मात्र बापाच्या घाण्यावरचे शेंगदाणे आणि भाकरी खाऊन बैल झाला. वस्ताद त्याच्या दंडावर थाप मारून आम्हाला सांगत, "बघा लेकानु! ह्याला म्हनत्यात दूध!"

मग लढाईपायी धान्याला गोदामं कमी पडू लागली आणि पेठेतल्या कारभाऱ्यांचा डोळा पेठेच्या मालकीच्या तालमीवर गेला. यंदा सांगलीच्या मैदानात महादू पडला तर जागा गोदामाला, असं त्यांनी वस्तादांना तोंडावर सांगितलं. वस्ताद तालमीतच राहत. त्यांना दुसरं घर नव्हतं.

सांगलीला आम्ही तिघे सर्व्हिस मोटारीने गेलो. कुस्तीच्या दिवशी दुपारी वस्ताद कुठूनसा दुधाचा मोठा तांब्या घेऊन आले. चांगलं दोन शेर होतं. "पी बाळा," ते महादूला म्हणाले. "आज मापाचं ऱ्हाऊ दे." मी मदतीला तांब्याकडे हात नेला, तर हातावर सणसणीत चापट बसली. वस्तादांच्या चेहऱ्याकडे बघून महादूला नाही म्हणवेना. त्याने डोळे मिटले आणि तांब्या रिकामा केला.

मैदानात उतरला तेव्हा महादूच्या कपाळावर घाम होता, आणि तो कुस्तीचा नव्हता. समोर मिरजेकडचा आडदांड गडी. एरवी महादू पाव पाव तास खडाखडी करत खेळवणारा. त्या दिवशी त्याच्याकडे तेवढा वेळ नव्हता. हात मिळवला न मिळवला तोच आत शिरला, ढाक लावली आणि गड्याला आस्मान दाखवलं. लोकांनी टोप्या उडवल्या, पंच मानाचा फेटा घेऊन पुढे आले, आणि विजयी पैलवान गर्दी फोडून कृष्णाकाठाकडे पळत सुटला.

वस्ताद माझ्या गळ्यात पडून रडत होते. "बघितलंस कारकुना? ह्येला म्हनत्यात दूध!"

महादू परत आला तो पांढराफटक. त्याने पंचांकडून फेटा घेऊन वस्तादांच्या पायावर ठेवला आणि खरं काय ते सांगून टाकलं. माझ्या वाट्याची कबुली मी दिली. परतीच्या मोटारीत वस्ताद कराडपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग मला म्हणाले, "म्हंजे त्यो शेंगदान्यावर वाढला?"

"होय वस्ताद."

"आन तू दोन मापं पिऊन ह्यो असा?"

"होय."

तालमीची जागा वाचली होती, पण आम्हा दोघांची गेली असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी ओळ बसली. वस्ताद पहिल्या पोरापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, "तुला काय सोसतं रं?" वीस-बावीस वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. पोरगं घाबरून नुसता लोटा पुढे करून बसलं. मग हळूहळू एकेकाला कंठ फुटला. एकाला ताक हवं होतं, एकाला अंडी. एका हुशाराने जिलबी सांगितली, त्याला मुस्काटात बसली.

माझ्यापुढे आले तेव्हा मी म्हणालो, "मला सगळं सोसतं. अंगाला काही लागत नाही."

"पर तू दमत न्हाईस," ते म्हणाले. "तीन वर्सं महादू तुज्यासंगं खेळला. त्यो फेसाटला, तू कवा फेसाटला न्हाईस. त्यो तयार झाला त्यो तुज्यामुळं. आन म्या नुसतं तुजं अंग बघत बसलो. लय चुकलं माजं, लेकरा."

आणि पन्नाशी उलटलेल्या त्या हवालदाराने सबंध तालमीसमोर सतरा वर्षांच्या पोरापुढे हात जोडले.