ठकूबाईची पडताळणी

तळेघरला एसटीतून उतरलं की ठकूबाई लोहकरेच्या वाडीला पुढं पायीच जावं लागतं. साठी उलटली तरी ठकूबाई ती वाट डोक्यावर बोजा घेऊन चढायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा रुपेश मंचरला टेम्पो चालवतो. नात मोहिनी मात्र आजीपाशीच वाढली, आश्रमशाळेत शिकली. भाताची खाचरं, थोडी नाचणी, उन्हाळ्यात रानातला हिरडा, एवढ्यातच बाईचा जन्म गेला. आपण महादेव कोळी, हे तिला स्वतःच्या नावासारखं ठाऊक होतं. त्याचा विचार करायची वेळच कधी आली नव्हती.

ती आली मोहिनीमुळं. पोरीला पुण्यात नर्सिंगला आदिवासींच्या राखीव जागेवर प्रवेश मिळाला, पण जात पडताळणी व्हायची होती.

"आजी, पथक आपल्या घरी येणारे. तुला प्रश्न विचारतील."

"कशाचं?"

"आपण खरंच आदिवासी आहोत का, त्याचं."

ठकूबाईला वाटलं, पोर चेष्टा करतेय.

शेजारचे दादाभाऊ आश्रमशाळेत शिपाई होते. त्यांनी हे असले प्रकार ऐकलेले. ते मुद्दाम येऊन सांगून गेले, "वयनी, देव इचारलं तर वरसूबाई सांगायची. गनपतीचं नाव काडू नका, त्यो समद्यांचाच देव. नाच इचारला तर, आमी नाचतो म्हनायचं."

"पर भावजी, मी तर दरसाल ओझरच्या गनपतीला जाती."

"जावा की. पर सांगू नका."

"देवाला जायाचं आन चोरून ठेवायचं?"

दादाभाऊ डोकं खाजवत राहिले. "मला तरी काय ठावं? लोक म्हनत्यात म्हनून सांगितलं."

श्रावणात एक मॅडम आणि एक पोलीस साहेब चिखल तुडवत वाडीत आले. ठकूबाईनं घोंगडी अंथरली आणि परीक्षेला बसावं तशी बसली.

"आजी, तुमचे देव कोणते?" मॅडमनी विचारलं.

"वरसूबाई," ती म्हणाली आणि अडली. मग तिला राहवेना. "मॅडम, गनपती सांगू का नको?"

पोलीस साहेब हसले. मॅडम म्हणाल्या, "जे असेल ते सांगा."

पण जे असेल ते म्हणजे नेमकं काय, तेच तिला कळेना. लग्न कसं करता? पूर्वी दारात मांडव घालायचो, आता घोडेगावला हॉल घेत्यात, डीजे लावत्यात. नाच? मला न्हाई येत, मोहिनी शाळंत शिकली. घरात भाषा कोणती? हीच की, तुमाला कळतीया ना? सण? शिमगा, दिवाळी, समद्यांचेच. माणूस गेल्यावर काय करता, या प्रश्नाला तिला नवऱ्याचे शेवटचे दिवस आठवले आणि ती रडायलाच लागली. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

चहा देताना तिनं हळूच विचारलं, "मॅडम, आमचं काय चुकलं का?"

"नाही आजी. काही जण खोटे दाखले काढून तुमच्या मुलांच्या जागा घेतात. तसं होऊ नये म्हणून सरकार तपास करतं. तुमच्याच हक्काची राखण आहे ही."

राखण आमची, मग पुरावा बी आमीच द्यायचा? हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मॅडमचे गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले पाय बघून ती उठली आणि पाय धुवायला गरम पाणी घेऊन आली.

पथक गेलं, पण प्रश्न घरातच राहिले. भातातलं तण बेणताना तिनं वाडीतल्या सखूबाईला विचारलं, "सखू, आपन असं काय करतो, जे बाकीचे करत न्हाईत?"

"म्हंजी कसं?"

"म्हंजी... आदिवासीवानी."

सखूबाईनं बराच विचार केला. "हिरडा येचतो."

"त्यो तर इकायला."

दोघी हसल्या. मग पुन्हा बेणायला लागल्या.

दसऱ्याच्या आसपास पुण्याहून मोहिनीचा फोन आला, पडताळणी झाली. ठकूबाईचे डोळे भरून आले. सावरल्यावर ती म्हणाली, "कंचं उत्तर बराबर आलं गं?"

"ते सांगत नसतात, आजी. झालं ना, बास."

फोन ठेवून ती उंबऱ्यावर बसली. सरकारनं न्हाई म्हटलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी उठून कोण झाले असते? सासू कोण ठरली असती, आई कोण ठरली असती?

मग दिवाळीच्या तोंडावर वाघबारस आली. वाडीच्या वर, झाडाखालच्या शेंदूर लावलेल्या वाघोबाला ती दरवर्षीसारखी खीर घेऊन गेली. गुरं सांभाळ बाबा, म्हणून हात जोडले, आणि एकदम चमकली. हे तर आपण मॅडमना सांगितलंच नाही! कसं आठवलं नाही? त्यांनी सण विचारले होते की.

नैवेद्य ठेवताना तिचा हात थबकला. आपण कुठं बसतो, पदर कसा घेतो, दगडापुढं खिरीचं पान कसं मांडतो, सगळं ती बाहेरून उभं राहून बघितल्यासारखं बघू लागली. कुणी लिहून घेत असावं, तसं. वाघासाठी ठेवतोय की मॅडमसाठी, तिला कळेना. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"ठकू, व्हय की पुढं," मागून सखूबाई म्हणाली. "माझी खीर गार व्हती."

ठकूबाईनं पान ठेवलं आणि बाजूला सरकली.