गाडी रिकामीच परत गेली

त्या दुपारी मी ओसरीवर बसून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते. मानोऱ्याच्या बाहेर, रस्त्याला लागून आमचा भाजीचा मळा आहे. आमचा म्हणायची सवय. मालक गेल्यापासून तो माझ्या एकटीचाच. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा तिनं फार आग्रह केला म्हणून तिच्याकडे राहूनही पाहिलं. पण चौथ्या मजल्यावर जीव रमेना, परत आले.

जुडीला सुतळी गुंडाळता गुंडाळता छातीत एकदम धडधड सुटली. दुखत काहीच नव्हतं. काळीज नुसतं धावत होतं. गळ्यातली शीर इतकी भराभर उडत होती की बोट ठेवून ठोके मोजता येईनात. पाणी प्याले, आडवी झाले, तरी थांबेना. हात गार पडले. मालक असेच छातीला हात लावून गेले होते, त्यामुळे मनात दुसरं काही आलंच नाही. मी अँब्युलन्सला फोन लावला.

गाडी येईपर्यंत मी सावकाश साडी बदलली. पिशवीत टॉवेल, चष्मा, मोबाईलचा चार्जर घातला. मागचं दार लावलं. कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या भीतीतही थोडं हायसं वाटत होतं. दवाखान्यात शेजारी खाटा असतील, बायका असतील, सकाळी कुणीतरी 'झोप लागली का' म्हणून विचारेल.

गाडीतून एक तरुण डॉक्टर बाई उतरली आणि तिच्या मागे माझ्याच वयाचा ड्रायव्हर. तिनं मला बाजेवर बसवलं, छातीला वायरी चिकटवल्या आणि यंत्राकडे बघत राहिली.

"आई, हा अटॅक नाही," ती म्हणाली. "ठोके भरकटलेत. गाडीत घालायच्या आधी इथंच एक करून बघू."

तिनं बिनसुईची सिरिंज माझ्या तोंडाशी धरली. आतला दांडा सरकेपर्यंत जोरात फुंकायचं, मध्येच सोडायचं नाही. मी फुंकलं. कान बधिर झाले. ती "बस" म्हणाली, मला झटकन आडवं केलं, आणि ड्रायव्हरनं माझे दोन्ही पाय धरून वर उचलले. मातीनं भरलेले, भेगाळलेले पाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाऊ, पायाले नका हात लावू."

"राहू द्या बाई," तो म्हणाला. "बहिणीचेच पाय समजून राह्यलो मी."

कुणी मला असं हात लावून किती काळ झाला होता, ते मला तेव्हा जाणवलं.

पहिल्या वेळी काहीच झालं नाही. थोडं थांबून पुन्हा केलं. या वेळी छातीत क्षणभर सगळं गप्प झालं. मग एकच मोठा ठोका पडला, आणि पुढचे सावकाश, आपापल्या जागी पडू लागले. मी रडायला लागले.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिला मी आधीच कळवलं होतं. "सोबत कोण आहे आई?" तिनं घाबरून विचारलं. "आहेत ना दोघं जण," मी म्हटलं. त्या वेळी ते खरंच होतं.

डॉक्टर बाईनं बराच वेळ यंत्रावर लक्ष ठेवलं, वाशीमच्या मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलली आणि वायरी काढू लागली. "आज न्यायची गरज नाही. दोन-तीन दिवसांत वाशीमला जाऊन दाखवा. ही सिरिंज राहू द्या, पुन्हा झालं तर असंच फुंकायचं. तरी थांबलं नाही, चक्कर आली किंवा छाती दुखली, तर लगेच फोन करायचा."

"म्हंजे मले नेत नाई?"

ड्रायव्हर हसला. "लोकं नेऊ नका म्हणून हात जोडतात, अन् तुमी..." त्याची नजर दाराशी ठेवलेल्या पिशवीवर गेली आणि तो बोलायचा थांबला. मग म्हणाला, "शेजारी कोनी हाय ना?"

"हाय," मी म्हटलं. शेजारचं घर दिवाळीपासून बंद होतं. ती माणसं ऊसतोडीला गेली होती.

मी चहा टाकते म्हणाले. पण इंझोरी गावातून एका बाळंतपणासाठी फोन आला आणि दोघंही घाईनं निघाले. मी सांभाराच्या जुड्या बळंच त्यांच्या गाडीत ठेवल्या. गाडी वळणाआड गेल्यावरही बराच वेळ मी रस्त्याकडे बघत उभी होते.

वाशीमच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. मुलगी आली, आठवडाभर राहिली, गेली. त्यानंतर ते एकदाच झालं, परवा. मी बाजेवर बसून सिरिंजमध्ये फुंकलं. पाय उचलायला कुणी नव्हतं, म्हणून आडवी होऊन ते भिंतीला उंच टेकवले. ठोके जागेवर आले. तशीच पडून राहिले. बरं वाटलं, हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. मुलगी त्या वेळी कामावर असते.

बाहेर मोटार चालूच होती आणि मेथीच्या वाफ्यातलं पाणी बांध ओलांडून चाललं होतं. मी उठले आणि मोटार बंद केली.