आपोआप वाजणारा हॉर्न

नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे आम्ही लखनऊला गेलो. मानक नगरला क्वार्टर मिळालं. वर्षभर घरी बसून कंटाळले, तेव्हा मीही एका खासगी कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी धरली. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, त्यामुळे थंड खोल्यांची यंत्रं आणि त्यांची वायरिंग माझ्याकडे होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जवळच्या मलिहाबादचे दशहरी आंबे थंडच्या थंड दिल्लीला पोचवावेत म्हणून कंपनीनं परदेशातून एक वापरलेला, फ्रिज बसवलेला ट्रक मागवला होता.

तो ट्रक चाचा चालवत. साठीकडे झुकलेले, दाढीला मेंदी, बोलणं अगदी हळू. सगळी कंपनी त्यांना चाचा म्हणायची.

ऐन हंगामात एका संध्याकाळी, अंधार पडता पडता, भरलेला ट्रक मलिहाबादच्या रस्त्यालगतच्या चरात गेला. कुणाला इजा झाली नाही, पण पेट्या आतल्या आत आदळल्या आणि बराच माल वाया गेला.

“हेडलाइट गेले,” चाचांनी ऑफिसात उभं राहून सांगितलं. “मग वायपर चालू झाले. मी हात लावला नव्हता. मग हॉर्न वाजायला लागला, थांबेचना. समोरून येणारा सायकलवाला दचकून मधे आला, म्हणून गाडी बाजूला घेतली.”

मॅनेजरनी ट्रक आवारात आणवला आणि स्वतः बटणं दाबून पाहिली. दिवे लागले, वायपर थांबले, हॉर्न सांगितल्यावरच वाजला.

“चाचा, डोळा लागला म्हणा आणि मोकळे व्हा,” ते म्हणाले. “होतं असं.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांना गेटवर बसवलं. कॅन्टीनमध्ये कुणीतरी पिण्याचीही गोष्ट काढली. चाचा दारूला शिवत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ती गोष्ट फिरली. येता जाता लोक विचारायचे, “चाचा, आज भूत आया क्या?” ते हसून मान हलवायचे. ते हसणं मला बघवायचं नाही.

एकदा गेटवर थांबून मी विचारलं, “चाचा, खरं काय झालं होतं?”

रस्त्याकडे बघत ते म्हणाले, “मैडम, अब तो लगता है, आँख लग ही गई होगी. इतने लोग झूठ थोड़े ही बोलेंगे.”

नोकरी जाण्यापेक्षा हे वाईट होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावरचाच त्यांचा विश्वास उडत चालला होता.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “नुसता हॉर्न वाजला असता तर म्हटलं असतं, वायर कुठेतरी घासली. पण दिवे, वायपर आणि हॉर्न, तिन्ही एकदम?”

“तिन्ही एकत्र येतात तरी कुठे?” मी विचारलं, आणि विचारता विचारताच वाटलं की शोधायचं हेच आहे.

आपल्याकडच्या ट्रकात बटणापासून दिव्यापर्यंत सरळ वायर जाते. ह्या ट्रकाचं पुस्तक काढून वाचलं, तर इथे बटण फक्त एका डब्याला निरोप देत होतं आणि दिवा लावायचा की वायपर फिरवायचा हे तो डबा ठरवत होता. पुस्तकात त्याचं नाव होतं बॉडी कंट्रोल मॉड्यूल. बसवला होता डॅशबोर्डच्या खाली, डाव्या कोपऱ्यात.

मी मॅनेजरची परवानगी काढली आणि चाचांना बरोबर घेतलं. आधी बॅटरी तपासली, मग फ्यूज, मग चासीला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरी. सगळं ठीक. डबा बघायला मी खाली वाकले आणि टेकलेला हात ओला झाला. पायाखालची चटई ओलसर होती. बाहेर तर उन्हाळ्यातली कोरडी, भाजणारी लू वाहत होती.

“गाडी कधी धुतली?”

“आज सकाळी,” चाचा म्हणाले. “धुवायला अजून मीच येतो.”

“आणि त्या दिवशी?”

ते आठवू लागले. “बागेत धूळ फार बसली होती. निघायच्या आधी पंपाखाली धुतली होती, हाँ.”

मग मी नळी मागवली. समोरच्या काचेवर भरपूर पाणी सोडायला लावलं, इंजिन सुरू केलं, दिवे लावले आणि आम्ही दोघं आत बसून राहिलो. काहीच होईना. आवारातले लोक बघून हसत निघून गेले. मलाही ओशाळल्यासारखं झालं. चाचा म्हणाले, “रहने दीजिए, मैडम.”

मी इंजिन बंद करायला किल्लीकडे हात नेला आणि हेडलाइट विझले. वायपर एकदा अर्ध्यावर येऊन थबकले, मग वेड्यासारखे फिरू लागले. पाठोपाठ हॉर्न. अख्खी कंपनी बाहेर आली. मॅनेजर चष्मा हातात घेऊनच धावत आले.

चाचांचे दोन्ही हात मांडीवर होते. ते सगळ्यांना दिसावेत म्हणून त्यांनी ते वर उचलले. “यही,” ते म्हणाले, “यही हुआ था.” मग दार उघडून उतरले, कडुलिंबाच्या झाडाखाली जाऊन बसले आणि गमछ्यात तोंड लपवलं. मी बॅटरीची वायर काढेपर्यंत हॉर्न वाजतच होता.

डबा उघडला तर आतल्या पिना गंजून हिरव्या पडल्या होत्या. काचेचं रबर कोपऱ्यात फाटलं होतं आणि तिथून झिरपणारं पाणी थेट डब्यात उतरत होतं; ते वाळलं की सगळं पुन्हा ठीक चालायचं. आधी रबर बदललं, नाहीतर नव्या डब्याचीही तीच गत झाली असती. नवा डबा परदेशातून यायला हंगाम जवळजवळ सरला. तो बसवल्यावर दिवे लागले, पण इंडिकेटर लागेनात. आपण कुठल्या ट्रकात बसलोय हे डब्याला सांगावं लागतं, ते आम्हाला माहीत नव्हतं. शेवटी दिल्लीहून एक माणूस यंत्र घेऊन आला, त्यानं ते जोडून डब्याला सगळं शिकवलं, तेव्हा काम पुरं झालं.

मॅनेजर गेटवर गेले आणि चाचांच्या हातात किल्ली देऊन म्हणाले, “चाचा, हमसे गलती हुई.” सगळ्यांसमोर म्हणाले, हे मला आवडलं.

पहिल्या फेरीला चाचांनी मला शेजारी बसायला सांगितलं. मलिहाबादपर्यंत गेलो, उशिरा पिकलेला माल भरला, परत आलो. त्या चरापाशी त्यांनी वेग कमी केला, दिव्यांचं बटण एकदा चाचपलं आणि पुढे निघाले.

पण आठवड्याभरानं ते माझ्याकडे आले. शहरातल्या शहरात फिरणारी छोटी गाडी मिळेल का, मॅनेजरशी बोलाल का, असं विचारत होते.

“अहो चाचा, ट्रक तो अब बिलकुल ठीक है.” हिंदीत बोलतानाही माझं मराठी मधे यायचं.

“गाड़ी ठीक हो गई, मैडम,” ते म्हणाले. “मैं थोड़ा बाकी हूँ.”

मी बोलले, त्यांना छोटी गाडी मिळाली. ट्रकावर दुसरा ड्रायव्हर आला. थंडीत एका सकाळी तो तापानं पडला आणि मटारची खेप भरून तयार होती. मॅनेजर कुणाला पाठवावं ह्या विचारात असतानाच चाचांनी ऑफिसातल्या खुंटीवरची किल्ली काढून घेतली. कुणाला काही विचारलं नाही. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी गमछा कानांवरून घट्ट बांधला, आरसा नीट केला आणि ट्रक गेटबाहेर काढला.