कुसुमताई आणि शिफ्टचा तक्ता

कुसुमावती मोहिते यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या फाटकाशी उकिडव्या बसून आपल्या लुनाचा प्लग पुसत होत्या. अंगात काळा कोट, पदर कमरेला खोचलेला, बोटं तेलानं काळी. "वकीलबाई कुठे भेटतील?" असं मी त्यांनाच विचारलं.

"हात धुतल्यावर भेटतील," त्या म्हणाल्या. "आत बसा."

ही १९९६ च्या डिसेंबरातली गोष्ट. कारेलीबागेत त्यांच्या घराची पुढची खोली हेच त्यांचं ऑफिस. बाहेर ओट्यावर हिंचका, म्हणजे झोपाळा, आणि हिंचक्यावर त्यांचे वडील पिलाजीराव. घराणं संस्थानच्या फौजेतलं, ते स्वतः राखीव पोलिसातून निवृत्त झालेले. आलेल्या माणसाची वर्दी आत देण्याचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं, आणि आवाज अजून कवायतीच्या मैदानावरचा होता.

"कुसुम, एक बेन आल्यात. रडून आल्यात, आधी पाणी दे!"

अख्ख्या सोसायटीला कळलं असेल. पण रडून आले होते हे खरंच होतं.

माझा नवरा उन्मेष नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर. आमच्यात मारहाण नव्हती, दारू नव्हती. दोन वर्षांत बोलणंच आटत गेलं आणि जे उरलं ते टोमण्यांचं. मी सहा वर्षांच्या अवनीला घेऊन सुभानपुऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तिथल्याच एका शाळेत शिकवत होते. घटस्फोट दोघांनाही हवा होता. अडलं होतं अवनीपाशी. ती मला हवी होती, त्यालाही हवी होती.

मी अकरा पानं लिहून नेली होती, दोन्ही बाजूंनी. एम. ए. झालेली बाई, लिहिण्यात कसर कशी ठेवीन? कुसुमताईंनी ती सगळी वाचली. मधूनमधून पेन्सिलीनं खुणा करत होत्या. मला वाटलं, महत्त्वाचे मुद्दे काढतायत. शेवटी त्यांनी खुणा मोजल्या.

"उन्मेष एकाहत्तर वेळा. अवनी चार वेळा. भांडण कुणासाठी आहे म्हणालात?"

मी पानं परत घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे ही पानं. अवनीचा मंगळवार सांगा."

"म्हणजे?"

"मंगळवारी सकाळी उठल्यापासून ती काय करते, कोण काय करतं. सांगा ने."

मग मी सांगत गेले. सहाला उठते, दुधावर साय आली की तोंड फिरवते, वेण्या घट्ट घातल्या की ओरडते, रिक्षावाल्या काकांशेजारीच बसायचं असतं. त्या लिहून घेत होत्या. आजारी पडली तर कुणाला हाक मारते, असं त्यांनी विचारलं, आणि मी खोटं बोलणार होते. पण त्यांचं पेन थांबून माझ्याकडे बघत असल्यासारखं वाटलं.

"बाबांना," मी म्हटलं. "ताप आला की तो रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवतो."

त्यांनी तेही लिहिलं. मी म्हटलं, "हे कशाला लिहिता? तुम्ही माझ्या वकील ना?"

"तुमचीच. जज्जसाहेबांनी तिला जवळ बोलावून विचारलं तर ती सांगेलच. तेव्हा आपण तोंडात बोट घालून बसायचं?"

कुसुमताई फार हुशार वकील होत्या असं मी म्हणणार नाही. चष्मा सारखा हरवायच्या, कायद्याची कलमं आठवायला वहीत बघायच्या. न्यायमंदिरातले बाकीचे वकील त्यांच्याबद्दल म्हणत, मोहिते बेनकडे गेलात तर जिंकाल, पण नंतर समोरच्याशी बोलावं लागेल. दुसऱ्या भेटीपासून त्या मला अगं-तुगं करू लागल्या, आणि मी त्यांना ताई.

फेब्रुवारी संपेपर्यंत बरंच जमलं. अवनी माझ्याकडे राहील हे उन्मेषनं मान्य केलं. त्याच्या वकिलांनी भेटीचा मसुदा पाठवला: दर रविवारी दुपारी एक ते पाच वडील मुलीला नेतील. बहुतेक प्रकरणांत असायची तीच ओळ, टायपिस्टनं तशीच उतरवलेली. मी वाचलं आणि मनातून खूश झाले. फक्त एक ओळ वाढवा, मी म्हणाले. लागोपाठ तीन रविवार वडील आले नाहीत, तर भेटी बंद व्हाव्यात.

कुसुमताईंनी चष्मा काढला. "ही ओळ तुला कशाला हवी?"

"असू दे. शिस्त राहते."

"तो टाळाटाळ करणारा आहे?"

"नाही तसा."

"मग?" त्यांनी मसुदा पुन्हा वाचला. "उन्मेषची सुट्टी कधी असते गं?"

"फिरती असते. सात दिवस काम, आठवा दिवस सुट्टी."

"मार्चमध्ये कधी येते?"

मी विचार न करता बोलून गेले. "चार, बारा, वीस, अठ्ठावीस." सात वर्षं तो तक्ता आमच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेला असायचा. घर सोडलं तरी डोक्यातून गेला नव्हता. आज त्याची पहिली शिफ्ट, म्हणजे साडेचारला घरी येणार. आज दुसरी, म्हणजे दीडला निघाला असेल. असं रोज आपोआप मनात यायचं.

"यात रविवार किती?"

"एकही नाही." आणि मग, आता लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून, "थेट तेरा एप्रिलला येतो."

"त्याच्या वकिलांना हे ठाऊक नाही?"

"त्यांनी त्याला सांगितलंय, सगळ्यांना रविवारच मिळतो, अडून बसलात तर तोही जाईल. तो घाबरलाय. बदल्या घेऊन जमवीन म्हणतो. पण जमणार नाही. रविवारी बदलीला कुणी येत नाही, मला माहीत आहे."

आता त्या रागावतील असं वाटलं. त्या रागावल्या नाहीत. चहा मागवला. मग म्हणाल्या, "तू सांगशील तसं मी लिहीन. कामच आहे माझं. पण आधी एक कर. रविवार आहे, दोन वाजलेत. अवनी नवा फ्रॉक घालून जिन्यात बसली आहे. तिला काय सांगशील ते मला सांग. मोठ्यानं."

"अवनी," मी सुरुवात केली, "बाबा आज कामावर आहेत."

"मग सुट्टीच्या दिवशी का नाही येत?" कुसुमताईंनी विचारलं. आवाज काही लहान मुलीचा काढला नव्हता, त्यांचा नेहमीचाच, खरबरीत.

मी मसुदा उलटा करून ठेवला.

ओट्यावरून पिलाजीराव बोलले. त्यांना सगळं ऐकू येत होतं हे उघडच होतं. "आमची कुसुम मला पाहुणे म्हणायची. आम्ही कायम बंदोबस्तावर. कधी घरी आलो की आत ओरडायची, आई, पाहुणे आले, चहा टाक!"

"आबा, चेष्टेनं म्हणायचे मी."

"चार वर्षांची होतीस. चार वर्षांचं पोर कसली चेष्टा करतं?"

कुसुमताई चष्मा पुसू लागल्या. मीच म्हटलं, "ताई, मला भीती वाटते. तिकडे जायला लागली आणि तिला तिकडचंच आवडलं तर?"

"आवडू दे ने. न आवडता, रडत परत आलेली चालेल तुला?"

मी त्यांच्याच टेबलावरचा कागद घेतला आणि डिसेंबरपर्यंतच्या त्याच्या सगळ्या सुट्ट्या लिहून दिल्या. एकही तारीख चुकली नाही. तीन रविवारांची ओळ त्यांनी पेन्सिलीनं खोडली. खोडताना माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मग त्यावर शाई फिरवली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही न्यायमंदिरात गेलो. उन्मेषच्या वकिलांनी, ते म्हातारे गुजराती गृहस्थ होते, तारखांचा कागद वाचला आणि हसले. "मोहिते बेन, कोर्टमां पंचांग लाव्या?"

"हो काका, नंदेसरीचं आहे. मुहूर्त तिथली कंपनी काढते."

साहेबही हसले. पण मग त्यांनी उन्मेषला विचारलं, या तारखा बरोबर आहेत का. उन्मेष कागदाकडे बघत राहिला. अक्षर माझं आहे हे त्याला कळलं होतं. "बरोबर आहेत," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. ठरलं असं: सुट्टीच्या दिवशी शाळा सुटल्यापासून रात्री आठपर्यंत, आणि दर महिन्याचा नवा तक्ता एक तारखेच्या आत माझ्या हाती.

बारा मार्चला, बुधवारी, अवनी पहिल्यांदा गेली. मी सातपासून फाटकात उभी होते. आठ वाजून दहा मिनिटांनी स्कूटर आली. वेणी सुटलेली, तोंडाला शेव-उसळीचा रस्सा लागलेला, पण गृहपाठ पूर्ण झालेला. दहा मिनिटांबद्दल बोलायला मी तोंड उघडलं होतं. तिनं बोलायला जागाच ठेवली नाही. त्या रात्री झोपेपर्यंत ती बाबांच्या घरच्या गच्चीबद्दल सांगत होती. मला वाईट वाटेल असं धरून चालले होते. वाटलं थोडं. मग तिनं कूस बदलून माझ्या अंगावर पाय टाकला आणि झोपली.

पुढे घटस्फोट झाला, पोटगीचं ठरलं, फाइल बंद झाली. कुसुमताईंकडे मी अजून जाते, कधी काम नसतानाही. पिलाजीराव गेले, हिंचक्यावर आता आलेले लोक बसतात आणि वर्दी द्यायला कुणी नसल्यानं थेट आत घुसतात. ताई त्यांना पाणी देतात आणि पोराचा मंगळवार विचारतात. परवा एक तरुण वडील बसले होते, त्यांना एकही गोष्ट सांगता येईना. "घरी जा," ताई म्हणाल्या, "आठवडाभर बघा आणि मग या." ते रागानं निघून गेले. "परत येतील का हो?" मी विचारलं. "निम्मे येतात," त्या म्हणाल्या, आणि चष्मा शोधू लागल्या.

अवनी आता अकरा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस तिकडे राहायला गेली आहे. जाताना नाक वाहत होतं, स्वेटर मी पिशवीत वर ठेवला होता. तो तिनं काढून खुर्चीवर टाकलेला मला नंतर दिसला. आज संध्याकाळपासून दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी उन्मेषनं उचलला.

"निरू, माझा जुना स्वेटर घातलाय तिनं. गुडघ्यापर्यंत येतो. वाफ दिली, झोपली. आता तूही झोप."