कमलची छाती आणि बायकांची संस्था

रविवारी आमच्या भांडुपच्या खोलीत बायकांची मीटिंग भरते. मी बाहेर पायरीवर बसतो. चहा उकळेपर्यंत एखादा किस्सा कानावर पडतोच. आता इतके साठलेत, की कुठला सांगू आणि कुठला झाकू!

या सगळ्या घरकाम करणाऱ्या. कुणी जालन्याची, कुणी बीडची. माझी बायको कमल त्यांच्यातलीच. एका घरी संडास धुताना ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर पडली आणि तिचा श्वासच अडकला. डॉक्टर म्हणाले, "आता ॲसिड बंद, नाहीतर छाती जाईल." मॅडम म्हणाल्या, "मग काम सोड!"

तेव्हा बायकांनी सहकारी संस्था काढली. आधी घराची तपासणी, मग काम. ॲसिड दिसलं, की त्या बिल्डिंगमधलं सगळ्या बायकांचंच काम बंद.

*

मुलुंडच्या एका साहेबांना तपासणीत संस्थेच्या प्रमुख लंकाबाईंनी विचारलं, "खिडकीची बाहेरची काच कोण पुसणार?"

"तुम्हीच. कठड्यावर उभं राहायचं."

"एकदा दाखवा ना साहेब, कसं उभं राहायचं ते!"

साहेबांनी दहाव्या मजल्यावरून खाली बघितलं. काच अजून मळकीच आहे.

*

घाटकोपरच्या एक आजी कमलवर रागावल्या. "हातमोजे घालून भांडी? माझ्या भांड्यांची किळस येते का गं?"

कमलने मोजे काढले. सोललेली बोटं बघून आजी स्वतःच त्यांना खोबरेल लावत बसल्या.

इतकी वर्षं मी त्या हातची भाकरी खातोय. बोटं आजींनी बघितली.

*

कमलच्या जुन्या मॅडमचा फोन आला, "ॲसिड टाकून दिलं, पाठवा तिला." तपासणीत गुलाबजलाची बाटली निघाली. लंकाबाईंनी झाकण उघडलं.

"मॅडम, गुलाबजल कधीपासून नाकाला झोंबायला लागलं?"

अख्ख्या बिल्डिंगमधल्या आमच्या बायका काम सोडून निघाल्या. घरोघर भांडी तुंबली, तेव्हा शेजारणींनीच मॅडमना ती बाटली टाकून द्यायला लावली!

*

गेल्या रविवारी लंकाबाई म्हणाल्या, "कमल सगळ्यात जास्त काम कुठं करते गं?" आणि सरळ आमच्या मोरीत शिरल्या.

कोपऱ्यात ॲसिड. मीच आणलेलं. मोरी पिवळी दिसते म्हणून.

"राहू दे गं," कमल म्हणाली, "घरचंच आहे."

"छाती पण घरचीच आहे ना! काका, या घरातलं काम बंद."

माझी मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोडा आणि ब्रश घेऊन मोरीत उकिडवा बसलो. गल्लीतली माणसं डोकावायला लागली. एकाने तर आपल्या बायकोला हाक मारून बघायला बोलावलं! मी हळूच म्हटलं, "कमल, दार तेवढं लोटून घे."

"अहो, दार लावून धुवायचं नसतं," ती खाटेवरून म्हणाली. "जीव घुसमटतो."